पुट्टीचं पिस्तूल

आमच्या घरामागच्या गोडाऊनमध्ये कापूस भरणं कधीच बंद झालं. तरी आजही झाडू मारला की कुठल्यातरी फटीतून चिमूटभर कापूस निघतोच. कालच तर लख्ख झाडलं होतं, मग आज हा आला कुठून? किश्श्यांचं अगदी तसंच आहे बघा. वाटतं, झाले सगळे सांगून. तेवढ्यात कुणीतरी चहाला टेकतं, काहीतरी बोलतं, आणि आणखी एक निघतो!

त्या गोडाऊनमध्ये आता पिस्तुलं चालतात. दचकू नका! आमचे हे फौजेतून निवृत्त झाले. तिथे ते पलटणीच्या नेमबाजीच्या टीममध्ये होते. आदिलाबादला परत आल्यावर त्यांना नुसतं बसवेना. सासऱ्यांचं गोडाऊन रिकामंच होतं. एका टोकाला टेबल मांडलं, दहा मीटरवर दुसऱ्या टोकाला कागदी निशाणं टांगली, झाली एअर पिस्तुलाची रेंज! हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल, मसुराच्या दाण्याएवढा छर्रा. कागदाला भोक पडतं, बाकी कुणाला काही नाही.

शिकायला येणारी मुलं यांना 'उस्ताद' म्हणतात, मला काकू. नेमबाजी यांच्याकडे, चहा आणि उपासाची खिचडी माझ्याकडे. आणि देवाकडची रदबदलीही माझ्याकडेच.

*

पहिलं पिस्तूल आलं तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला आल्या. हळदीकुंकवाला येतात तशा, ठेवणीतल्या साड्या नेसून! सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सिनेमातलं पिस्तूल. काळंभोर, चमकदार, हिरोच्या कमरेला शोभणारं.

यांनी मोठ्या कौतुकानं पेटी उघडली. आत काय? लांबुडकी बारीक नळी, तिच्या खाली हवेचा जाडजूड सिलिंडर, आणि मागे लाकडाची मूठ. ती तर अशी की मळलेल्या कणकेच्या गोळ्यावर कुणीतरी बसून उठलंय. इथे फुगवटा, तिथे खड्डा, एक बाजू वर, एक खाली.

शेजारच्या सुमनताईंनी पदर सावरला. "अवो माय, हे पिस्तूल हाय? मले त सायकलचा पंप वाटला!"

यांनी समजावलं. तळहाताला जिथे खोलगट, तिथे लाकडाला उंचवटा. बोटं जिथे बसतात तिथे घळ. "हात त्यात असा बसला पायजे की पिस्तूल धरलंय हेच हाताले कळू नये. हे शोभेसाठी बनवलेलंच नाही, ताई."

"मंग शोभा कुठी हाय?"

"शोभा तिकडे कागदावर दिसते."

सुमनताई हिरमुसून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे मिस्टर सायकल ढकलत आमच्या फाटकाशी उभे! मागचं चाक पार बसलेलं.

"उस्ताद, तुमच्या घरी नवीन पंप आला म्हने. जरा देता का?"

*

देशमुख काका आमच्या रेंजचे ठरलेले टीकाकार. बोथजवळ त्यांची शेती आहे. दर रविवारी गाडी काढून येतात, खुर्चीवर बसतात, आणि आमच्या पिस्तुलांना नावं ठेवतात.

त्यांचा हक्कच आहे म्हणा! त्यांच्याकडे आजोबांच्या वेळचं, निजामाच्या राजवटीतलं रिव्हॉल्वर आहे. चांदीसारखी झळाळी, नळीवर वेलबुट्टी, मूठ शिंपल्याची. लायसन पक्कं. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायचं, झाली की सोडवून आणायचं, एवढाच त्याचा प्रवास. काका ते दर अमावस्येला मऊ फडक्यानं पुसतात. बाहेरून!

"याले म्हनते पिस्तूल," ते यांना म्हणायचे. "पाहूनच मानूस हात जोडते. तुमचं ते काय हो? प्लंबरची पिशवी उघडल्यासारखं वाटते."

हे हसायचे. "काका, ते कधी चाललं का?"

"चालाले काऊन लागते? दिसलं की काम होते!"

मग एकदा त्यांच्या ज्वारीत रानडुकरं शिरली. काका रात्रभर तळमळले आणि पहाटे रिव्हॉल्वर घेऊन बांधावर उभे राहिले. हवेत एक बार काढायचा, डुकरं पळतील, असा बेत. हात उंच केला. घोडा दाबला. हलेना! दोन्ही हातांनी दाबला. तरी हलेना. आजोबांच्या वेळचा गंज आतमध्ये सुखानं नांदत होता.

त्यांच्यातलं सगळ्यात मोठं डुक्कर म्हणे मान वर करून बघत उभं राहिलं. काका अजूनही सांगतात, "त्याले आवडलं असंन. चमकत होतं नं!"

शेवटी देशमुख काकू घरातून घमेलं आणि सराटा, म्हणजे उलथणं, घेऊन आल्या. दहा-बारा वेळा बडवलं असेल नसेल, शेत रिकामं!

पुढच्या रविवारी काका आले, खुर्चीत बसले, चहा घेतला. आमच्या पिस्तुलाला काही म्हणाले नाहीत. जाताना मात्र यांच्या कानाशी वाकले. "उस्ताद, त्या घमेल्याचं लायसन काढा लागते काय गा?"

*

नरेश इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. घरची भाषा तेलुगू, पण आमच्यात राहून मराठी छान बोलतो. त्याला आपल्या पिस्तुलाच्या मुठीची फार लाज वाटायची. मोबाइलवर फोटो टाकला की मित्र विचारत, हे काय लाकूडतोड्याचं आहे का?

एकदा त्यानं मूठ काढली, पिशवीत घातली आणि निर्मळला गेला. तिथले कलाकार लाकडी खेळण्यांवर काय सुंदर रंगकाम करतात, सगळ्यांना ठाऊक आहे. आठवड्यानं परतला तेव्हा मुठीवर सोनेरी मोर! पिसाऱ्यात निळा, हिरवा, आणि वरून काचेसारखं व्हार्निश. मी तर दोन मिनिटं हातातून सोडली नाही. खोटं कशाला बोलू, मनात आलं, बाळकृष्णाच्या पाळण्याला काय शोभेल!

त्याची आई बघायला आली होती. कानशिलावर बोटं मोडून म्हणाली, "चाला बागुंदी!" खरंच, फारच छान होती.

हे नुसते म्हणाले, "चालवून पाह्य."

एप्रिल महिना. आदिलाबादचं ऊन. वर गोडाऊनचे पत्रे. नरेशचा तळवा घामेजला आणि मोर निसटू लागला. तो आवळून धरतो, मोर घसरतो. तो पुन्हा धरतो, मोर पुन्हा घसरतो. शेवटी नेम धरून त्यानं घोडा दाबला त्याच क्षणी पिस्तूल हातात सर्रकन फिरलं.

निशाणावर भोक नाही! सगळे शोधायला लागले. भिंतीवर नाही, पत्र्यावर नाही. मग कुणाचं तरी लक्ष शेजारच्या निशाणाकडे गेलं. तिथे बरोबर मधोमध, दहाच्या घरात, नवं कोरं भोक!

"उस्ताद, दहा!" नरेश ओरडला.

"तुह्या नाही, मोराच्या नावावर," हे म्हणाले. "त्याले स्पर्धेत पाठव. तू घरी बस."

आता नरेशच्या पिस्तुलाला खरबरीत, बिनरंगाची मूठ आहे. मोर त्याच्या आईच्या देवघरात आहे. रोज फूल वाहतात.

*

आता माझा पराक्रम ऐका.

दसऱ्याला शस्त्रपूजा केल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पोरांनी टेबलावर सगळी पिस्तुलं ओळीनं मांडली. मी झेंडूची फुलं वाहिली, ओवाळलं, आणि प्रत्येकाला हळदकुंकू लावलं. माणसाला कपाळावर लावतो. पिस्तुलाचं कपाळ कुठलं? नळीच्या अगदी टोकावर वर एक इवलासा काळा उंचवटा असतो, नेम धरताना त्याच्यावर नजर ठेवायची. त्याला 'माशी' म्हणतात. मला वाटलं, हेच कपाळ! तुपात कालवलेलं कुंकू, नीट, टोकदार लावलं. फार गोजिरवाणी दिसत होती सगळी.

दुसऱ्या दिवशी रेंजवर हलकल्लोळ. एकाचाही छर्रा वर जाईना! नरेश खाली, बाकीचे खाली, स्वतः उस्ताद खाली. जो तो आपला श्वास तपासतोय, पाय सरळ करतोय. यांनी तर रात्री झोप नीट झाली नाही म्हणून माझ्यावर चिडून घेतलं.

तासाभरानं यांनी पिस्तूल डोळ्याजवळ नेलं. बघत राहिले. मग बोटानं माशी पुसली. बोट लाल!

कुंकवाच्या थरानं माशी उंच झाली होती. ती नेहमीच्या पातळीवर दिसावी म्हणून जो तो नकळत नळी खाली झुकवत होता.

मी तर मेल्याहून मेले. हे काही बोलणार तोच त्यांचं लक्ष टेबलावरच्या एका कागदाकडे गेलं. तलमडुगूची शीतल, नुकतीच यायला लागलेली. तिचेही छर्रे खालीच होते, पण सगळे एकाच जागी. एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे! बाकीच्यांचे कागद पाहिले तर दाणे पेरल्यासारखे पसरलेले.

यांनी तो कागद उजेडात धरला. मला म्हणाले, "हिचा हात हलत नाही वो."

मग एकदम आठवण झाली. "अन् पुढच्या वर्षी पूजा कर, पन कुंकू पेटीले लाव!"

*

शीतलचे वडील मारोतराव. कापूस आणि ज्वारीची शेती, बोलायला रोखठोक, मनानं लोण्यासारखे. पोरगी रोज बसनं आदिलाबादला जाऊन काय शिकते हे बघायला ते पुढच्या उन्हाळ्यात एकदा आले. दारातच थबकले.

समोर शीतल उभी. एका डोळ्यावर कागदाची पट्टी अडकवलेली. उजवा हात लांब, त्यात पिस्तूल. आणि डावा हात थेट खिशात!

"काऊन वो शीतल!" मारोतराव गरजले. "मोठ्या मानसाईसमोर खिशात हात? हे शिकून राह्यली तू इथी?"

पोरगी घाबरून हात बाहेर काढते तो पिस्तूल डुगडुगलं.

यांनी त्यांना बसवलं. मोकळा हात लोंबकळत ठेवला की अंग हलतं, खिशात घातला की अंग स्थिर राहतं, जगातले सगळे पिस्तूलवाले असेच उभे राहतात, सगळं सांगितलं. डोळा मिटून ठेवला तर चेहरा आखडतो म्हणून ती पट्टी. मारोतरावांनी ऐकून घेतलं.

"बरोबर असंन, उस्ताद. पन दिसते कसं? सोयरे पाह्यतीन त म्हनतीन, पोरगी टपोरी हाय."

"बाबा," शीतल हळूच म्हणाली, "निशान पाह्यता का?"

"निशान कोनाले दिसते माय? लोकाईले तू दिसते."

मग चहा घेता घेता खरी गोष्ट निघाली. उटनूरचं एक स्थळ आलं होतं. पाहुणे येत्या दसऱ्याला पोरगी बघायला येणार होते. मुलगा बरा, घर बरं, आणि एकदा ठरलं की रोज बसनं येणंजाणं, पिस्तूल, सगळं बंद! शीतल चहाचा कप धरून खाली बघत बसली होती. कप जराही हलत नव्हता, पण डोळे भरले होते.

मारोतरावांनाही ते दिसलं असावं. खांद्यावरचा दुपट्टा झटकून म्हणाले, "भाद्रपदात तुमची ते हैदराबादची स्पर्धा हाय नं? त्यात राज्याच्या टीममंदी आली, त मी पाव्हन्याईले थांबवतो. नाही आली, त दाखवतो. आता तुमी याच्यावर काही बोलू नका."

आम्ही नाही बोललो. मी फक्त दुसऱ्या दिवशी शीतलच्या कुर्त्याला आतून खिसा शिवून दिला. बाहेरून ओढणीनं झाकेल असा. मारोतरावांची शोभाही राहिली आणि यांचं कामही झालं!

*

आषाढी एकादशीला मी चातुर्मासाचा नेम धरते. कधी एकभुक्त, कधी पानावर जेवण, कधी रोज दिवा. यंदा शीतलसाठी धरायचा होता म्हणून काहीतरी अवघड हवं होतं. खूप विचार केला. जीभ माझी तशी गोड, पण एक खोड आहे. कुणाच्या साडीचा रंग, कुणाच्या घराचा रंग, मला गप्प बसवत नाही. देवापुढे हात जोडले आणि म्हटलं, पोरीची निवड होऊ दे, चार महिने कुणाच्या, कशाच्याही रूपाला नाव ठेवणार नाही.

देवाला पण गंमत करायची असते! तिसऱ्याच दिवशी हे शीतलसाठी एक जुनं पिस्तूल घेऊन आले.

यंत्र उत्तम होतं. पण मूठ कुणा धिप्पाड माणसाच्या हाताची. शीतलचा हात लहान. मग यांनी लाकडाला चिकटणारी पुट्टी आणली. रोज संध्याकाळी थोडी थापायची, शीतलनं ओल्या पुट्टीवर हात दाबायचा, वाळली की कानशीनं घासायची, हात दुखला तर पुन्हा थापायची. महिनाभरात त्या मुठीचं असं काही झालं की काय सांगू! करडी पुट्टी, मध्ये पिवळी पुट्टी, एक ठिगळ पांढऱ्या सिमेंटचं, आणि खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

"काकू, कसं वाटते?" शीतलनं विचारलं.

मी तोंड उघडलं. मिटलं. देवघराकडे बघितलं.

"स्वभावानं चांगलं आहे गं," मी म्हटलं.

ते चार महिने म्हणजे परीक्षाच! देशमुख काकूंनी घराला पोपटी रंग दिला, वर जांभळे खांब. "बांधकाम पक्कं आहे हो." सुमनताईंनी केस रंगवले, ते तांबडे झाले. "तब्येत छान दिसतेय तुमची." बायकांच्या ते लक्षात आलं आणि मग काय, एकेक जण मुद्दाम आपली सगळ्यात भयंकर साडी नेसून माझ्यासमोर फेऱ्या मारायला लागली!

पण सगळ्यात जास्त फायदा घेतला तो आमच्या यांनी. फौजेतला एक बनियन आहे त्यांचा. पुढून जाळी, मागून खिडकी. दर वर्षी मी तो लपवते, दर वर्षी हे शोधून काढतात. यंदा एकादशीच्या दुसऱ्या दिवसापासून तो अंगावर! माझ्यासमोरून सावकाश जायचे, वळायचे आणि विचारायचे, "काही म्हनली काय?"

"हवेशीर आहे," मी म्हणायचे.

*

भाद्रपदात आम्ही हैदराबादला निघालो. हे, मी, शीतल आणि मारोतराव. शीतलच्या आईला निंदणीमुळे निघता येईना, म्हणून सोबतीला मी. मारोतरावांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. गाडीत एवढंच म्हणाले, "पाव्हन्याईचा काल फोन आल्ता. दसऱ्याचं पक्कं धरून राह्यले."

शीतल खिडकीबाहेर बघत होती.

त्या मोठ्या रेंजवर पाऊल ठेवलं आणि माझे डोळेच दिपले. काय एकेक मुलगी, काय एकेक पिस्तूल! एक निळं, मोराच्या मानेसारखं. एक लाल. एक तर सोनेरी, त्याला पेटीही सोनेरी! मारोतराव एकेका टेबलाशी थांबून बघत होते, बैलबाजारात बघावं तसं. मग आपल्या शीतलनं पेटी उघडली. शेजारच्या दोन मुलींनी एकमेकींकडे बघितलं. त्यांतली निळ्या पिस्तूलवाली हसली. मारोतरावांनी ते पाहिलं. मान खाली घातली आणि दूर जाऊन उभे राहिले.

स्पर्धेआधी पिस्तूल तपासतात. एक ठरलेल्या मापाची पेटी असते, पिस्तूल तिच्यात बसलंच पाहिजे. शीतलचं बसेना! पुट्टीचा फुगवटा एका अंगानं जरासा वर येत होता. तपासणारे साहेब सभ्य होते. म्हणाले, "कमी करून आणा, वेळ आहे. पण फार नाही."

यांची कानस आदिलाबादला, टेबलाच्या खणात! हे घामाघूम. शीतल पांढरीफटक. बाहेर आवारात पायऱ्या होत्या, दगडी, खरबरीत. मी त्या पायरीला हात लावला. सहाण आठवली. लग्न झाल्यापासून रोज सकाळी देवासाठी चंदन उगाळते मी. खोड सरळ धरायचं, जोर द्यायचा नाही, पाणी घालत राहायचं.

"आणा ती मूठ इकडे," मी म्हटलं.

यांनी मूठ सोडवून दिली. मी पायरीवर मांडी घातली, बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि उगाळायला लागले. माझी संकष्टी होती. तोंडानं अथर्वशीर्ष चालू. हे सारखे, "जास्त नको, जास्त नको!" शीतल दर मिनिटाला हात बसवून बघत होती. दगडावर करडं गंध साचलं. सवयीनं मी ते बोटावर घेतलं, आणि हे ओरडले, "कपाळाले नको लावू!"

दुसऱ्या वेळी पिस्तूल पेटीत बसलं. अगदी अलगद.

मग सुरू झालं. आम्ही मागे खुर्च्यांवर. आत नुसते फट फट आवाज. समोरच्या स्क्रीनवर नावं वरखाली होत होती, सगळी इंग्रजीत. मारोतराव तिकडे बघतच नव्हते. ते फक्त शीतलच्या पाठीकडे बघत होते. ओढणी घरी राहिली होती. डावा हात उघड उघड खिशात.

शेवटच्या छर्ऱ्याला तिनं हात उचलला, नेम धरला, आणि न मारताच खाली आणला. पुन्हा उचलला. पुन्हा खाली.

"बंद पडलं का वो, वैनी?" मारोतराव खुर्चीतून अर्धे उठले.

"नाही हो भाऊ. मनासारखा नेम लागेना की मारत नाहीत."

"वेळ संपून राह्यला नं!"

"तिला ठाऊक आहे."

तिसऱ्यांदा हात वर गेला. फट.

शीतलनं पिस्तूल टेबलावर ठेवलं, डोळ्यावरची पट्टी काढली आणि मागे न बघता तशीच उभी राहिली. स्क्रीनवरची नावं एकदा हलली आणि थांबली. पहिल्या तिघी राज्याच्या टीममध्ये. यांनी माझं मनगट एवढ्या जोरात धरलं की बांगडी वाढली.

मारोतराव हळूच माझ्याकडे वळले.

"वैनी, ते सोनेरी पिस्तूलवाली कितवी आली?"

"बारावी."

"अन् ते निळ्यावाली? हसली होती ते?"

"सातवी."

मग अगदी बारीक आवाजात, "आपली?"

"तिसरी. टीममध्ये आली, भाऊ!"

त्यांनी मान हलवली. दुपट्ट्यानं तोंड पुसलं, मान पुसली, पुन्हा तोंड पुसलं. शीतल तोवर पिस्तुलाची पेटी घेऊन बाहेर आली होती. मारोतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खिशातून मोबाइल काढला आणि तिथेच, आमच्यासमोर, नंबर लावला. शेतातून शेतात बोलावं अशा आवाजात बोलतात ते फोनवर. सगळा हॉल वळून बघायला लागला.

"हॅलो! उटनूरवाले का? राम राम जी, मी मारोतराव बोलून राह्यलो. ते दसऱ्याचं येनं राहू द्या. ... नाही जी, तुमच्याकडून काहीच नाही. तुमचा पोरगा त हिरा हाय. ... कारन?"

मारोतराव अडले. फोन कानाला तसाच धरून त्यांनी शीतलकडे बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत, नीट, सावकाश. पोरीचा चेहरा नुसता उजळून निघाला होता. मग ते पाठमोरे झाले आणि तोंडाशी हात आडवा धरून फोनवर म्हणाले,

"कारन असं हाय जी, का पोरगी आमची दिसाले काही खास नाही!"